अळणी शिदोरी

ज्या दिवशी माझ्या नवऱ्याचं दहन व्हायचं ठरलं होतं, त्याच दिवशी दुपारी मी त्याला जेवू घातलं. ही गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती. ज्यांना पटेल त्यांनी पटवून घ्यावी. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी वाद घालायला या वयात मला सवड नाही. जन्मभर शाळेत शिकवलं आहे, तेव्हा मुलांनी सतरा वेळा 'खरंच का बाई' म्हटलं तरी न चिडता पुढे जायची मला सवय आहे.

आमचं गाव सिंदेवाहीच्या पलीकडे, अगदी जंगलाच्या काठाला. समोर धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, आणि मागे सागवान, बांबू, पळस. मी सोळाव्या वर्षी लग्न होऊन तिथे आले. नवरा विशीचा होता, हसरा आणि कामाला वाघ. दोन वर्षं बरी गेली. मग एकदा तो नागभीडच्या बाजारात धान घेऊन गेला, तिथे पलटणीच्या भरतीचा तंबू लागला होता, आणि हा बाबा धान विकून, अंगठा देऊन, वर मला बांगड्या घेऊन घरी आला. मी त्या बांगड्या कोनाड्यात ठेवून दिल्या. तो गाडीत बसला त्या दिवशी मात्र त्याच हातात घातल्या, कारण राग धरायलाही समोर माणूस लागतं.

तो ब्रह्मदेशच्या लढाईवर गेला. वर्ष उलटलं नाही तोच पलटणीकडून पत्र आलं की तो तिथल्या जंगलात बेपत्ता झाला. बेपत्ता म्हणजे मेला नाही, असा मी सरळ अर्थ लावला आणि कुंकू पुसलं नाही. सासरे त्या धक्क्याने गेले. घरात मी आणि सासूबाई उरलो. मला शाळेत घालायचं सासूबाईंनीच मनावर घेतलं. त्या म्हणाल्या, "नवरा हाये का नाई मालूम नाई, पोटाची सोय तर पाह्य." मी शिकले, परीक्षा दिली आणि आमच्याच भागातल्या शाळेत मास्तरीण झाले. गाव मला बाई म्हणू लागलं.

लढाई संपल्यावर नागभीडजवळच्या खेड्यातला एक माणूस लंगडत आमच्याकडे आला. तो माझ्या नवऱ्याच्या पलटणीत होता. त्याने ओसरीवर बसून सांगितलं ते असं. जंगलात ते तिघंच मागे राहिले होते. याच्या पायाला गोळी लागलेली, मद्रासकडचा एक सोबती तापाने फणफणलेला, आणि धडधाकट एकटा माझा नवरा. दोन दिवस प्यायच्या पाण्याचा थेंब नव्हता. माझा नवरा बाटल्या घेऊन पाणी शोधायला गेला आणि भरून घेऊन आला. पाणीच नव्हे, पळसाच्या पानात बांधलेला भात आणि भाजीही आणली. ते खाऊन हे दोघं तगले. मग तो आणखी पाणी आणायला गेला, तो परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या लोकांनी या दोघांना उचललं.

"भात गरम होता जी," तो माणूस म्हणाला. "पन भाजी अळणी होती. मीठच नोतं."

सासूबाईंना हे आवडलं नाही. "तापात मानूस काईबी बोलते," असं त्या तो गेल्यावर म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. शत्रूच्या जंगलात गरम भात कोण रांधून देणार होतं?

अशी बारा वर्षं गेली. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं दहन करायचं, ही आमच्याकडची रीत. चुलतसासरे दिवस ठरवूनच आले. पुतळा जळाला की तो गावाच्या लेखी मेला. माझ्या कपाळाचं कुंकू जाणार, ते नागभीडचे चुडे फुटणार, आणि ज्याच्या नावाने मी इतकी वर्षं ताठ उभी होते तो माणूस राखेत जमा होणार. मी साफ नाही म्हटलं. चुलतसासऱ्यांना मी पुरून उरले असते. पण सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"त्याले पानी भेटत नसन वो," त्या म्हणाल्या. "दहन झाल्याबिगर आपलं पानी त्याले पोचत नाई. माह्यं लेकरू तहानलेलं कुठी फिरत असन."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मी भांडले असते. मी हो म्हटलं, आणि त्या होकाराचा मला स्वतःचाच इतका राग आला की मी एक अट घातली. पानं मी तोडणार.

"बाईमानसानं हे पानं तोडाची नसते," चुलतसासरे म्हणाले.

"मंग संसारही तुमीच कराले पाह्यजे होता त्याच्यासंगं," मी म्हटलं. त्यानंतर त्यांनी बांबूची चौकट बांधायला घेतली आणि मी जंगलाची वाट धरली.

वैशाख होता. पळसाची फुलं झडून नवी पानं तळहाताएवढी झाली होती. दहन होईपर्यंत आमच्या घरी चुलीवर मीठ चढत नाही. सकाळी रांधलेला भात आणि अंबाडीची भाजी, दोन्ही बिनमिठाचे, मी पितळी डब्यात घालून फडक्यात गुंडाळून घेतले होते. जंगल घराला लागूनच, त्यामुळे पानांचा भारा बांधून होईपर्यंत डबा गरमच होता. मी भारा घेऊन नाल्यात उतरले. उन्हाळ्यात नाला कोरडा पडतो, पण वाळूत हातभर खड्डा केला की खालून पाणी पाझरतं. त्याला आम्ही झिरा म्हणतो. झिऱ्यापाशी घाई चालत नाही. द्रोणाने थोडं पाणी काढायचं, पुन्हा साचेपर्यंत थांबायचं, पुन्हा काढायचं. मी झिरा साफ केला आणि पाणी निवळायची वाट पाहत बसले.

वाळूत बुटांचा आवाज झाला. नाल्याच्या वळणावर बांबूचं मोठं रांजी आहे, म्हणजे एका बुडातून वाढलेलं बेट. त्याच्या आडून एक शिपाई बाहेर आला. खाकी कपडे फाटलेले, खांद्याला बंदूक, गळ्यात दोन बाटल्या, आणि गुडघ्यापर्यंत ओला काळा चिखल. वैशाखात आमच्या पंचक्रोशीत ओला चिखल औषधालाही मिळत नाही.

"माई," तो दबक्या आवाजात म्हणाला, "पानी किधर मिलेगा?"

मी त्याला लगेच ओळखलं. डावी भुवई, ओठावरची व्रणाची रेघ, उभं राहताना एका पायावर टेकायची ढब. सगळं होतं तसंच होतं. तो एका दिवसानेही मोठा झाला नव्हता. खरं सांगते, मला आनंद नंतर झाला, आधी राग आला. इतक्या वर्षांनी तोंड दाखवायचं, आणि तेही माई म्हणून!

"पानी तुमच्या पायापाशीच हाये," मी म्हटलं. "अन् मी तुमची माई नाई."

आपली बोली ऐकून तो दचकला. "तू आमच्याकडली? इथी ब्रह्मदेशात कशी आली?"

"हा ब्रह्मदेश नाई. पानी भराचं असंन तं बसा."

तो बसला, पण बंदूक सोडली नाही. मी द्रोणाने त्याच्या बाटलीत पाणी ओतू लागले. तेव्हा त्याची नजर माझ्या मनगटावर गेली. तिथे लहानपणी गोंदलेला विंचू आहे. गोंदणारीचा हात चुकला आणि विंचवाचा एक पाय राहून गेला. लग्नानंतर तो मला रोज चिडवायचा की तुझा विंचू लंगडा आहे, त्याला काठी दे.

त्याने त्या विंचवावर बोट ठेवलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. उन्हाने रापलेली, चष्मा लावणारी, मुलांवर ओरडून आवाज जाड झालेली. तो निघून गेला तेव्हा मी एकोणिसाव्यात होते.

"तुले काय झालं?" तो म्हणाला.

"मले काई नाई झालं. बारा वर्षं झाली."

मग मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन रडले. द्रोण हातातून पडला. तो बावरून माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिला, आणि तो हात इतका कोवळा होता की मला आणखीच रडू आलं.

रडणं आवरल्यावर मी त्याला आधी पाणी पाजलं. तो नको म्हणत होता, आधी बाटल्या भरू म्हणत होता. मी ऐकलं नाही. माझ्या हातातल्या द्रोणाने तो प्यायला, थांबला, झिरा भरला, पुन्हा प्यायला. मधल्या वेळात त्याने विचारलं आणि मी सांगितलं. तिकडे सांज होत होती, तो म्हणाला, मी वळणावरून चार पावलं आलो तर इथी दुपार.

"लढाई कोन जिंकलं?"

"इंग्रज."

"मंग हाये आता राज त्यायचंच?"

"नाई. जिंकले आन् गेले."

"कुठी गेले?"

"घरी."

त्याला हे इतकं नवल वाटलं की तो मोठ्याने हसला. मग एकदम तोंडावर हात ठेवून त्याने वळणाकडे पाहिलं. त्याची लढाई अजून संपली नव्हती.

हे कसं घडलं ते मला विचारू नका. वर्गात मी भूगोल शिकवत असे. आमच्या जिल्ह्यात, चांद्याला, सूर्य डोक्यावर येतो तेव्हा ब्रह्मदेशात तो आधीच कलंडलेला असतो, हे मुलांना नारळावर रेघा ओढून दाखवत असे. दोन गावांच्या वेळेत तासा-दीड तासाचा फरक असतो हे सारं जग मानतं. मग एखाद्या नाल्याच्या वळणावर बारा वर्षांचा फरक असला तर काय बिघडलं? मी तो मानला, कारण तो माझ्यासमोर बसून पाणी पीत होता.

"आई हाये?" त्याने विचारलं.

"हाये. वाट पाहून राह्यली."

त्याने गावाच्या दिशेला पाहिलं. झाडांवरून आमच्या चुलीचा धूर दिसत होता. मी डबा उघडून त्याच्यापुढे केला. त्याने भाताचा आणि भाजीचा एक घास घेतला, आणि हात थांबला.

"मीठ नाई टाकलं काय?"

तुझ्याच दहनासाठी मीठ वर्ज्य केलं आहे, हे त्याला सांगायची माझी छाती नव्हती. "विसरली," मी म्हटलं. पण त्या एका प्रश्नाने मला ओसरीवर बसलेला तो लंगडा माणूस दिसला. भात गरम होता जी, पन भाजी अळणी होती. ती भाजी माझी होती. ही, या डब्यातली. म्हणजे तो इथून परत गेला होता.

तो दुसरा घास घेईना. भरलेल्या बाटल्यांकडे पाहत होता. "दोघं पडून हायेत तिकडं," तो म्हणाला. "एकाच्या पायाले गोळी लागली. नागभीडकडचा हाये. पन आईले एकदा पाहून येऊ काय? जाऊन लगेच येतो."

एकदा घरी गेला की सासूबाई त्याला सोडणार नव्हत्या, आणि मी तर मुळीच नाही. चला घरी, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. ते दोघं केव्हाच मेले म्हणून सांगितलं असतं, तरी त्याने विश्वास ठेवला असता. माझा नवरा माझ्यासमोर होता, आणि मला तो हवा होता. बारा वर्षं मला दुसरं काहीच नको होतं.

पण मला त्या लंगड्या माणसाची पोरगी आठवली. मावशीकडे राहून ती माझ्या शाळेत शिकत होती, पहिल्या बाकावर बसायची, तेराचा पाढा हटकून चुकायची आणि चुकल्यावर माझ्याकडेच रागाने पाहायची. हा गेला नाही तर तो बाक रिकामा.

"तो नागभीडवाला जगला," मी म्हटलं. "आपल्या घरी येऊन गेला. त्याची पोरगी माह्या वर्गात हाये. तेराचा पाढा येत नाई तिले."

त्याने भरलेल्या बाटल्यांची बुचं लावली. "मंग मी गेलो असंन," तो म्हणाला.

"हाव. गेले तुमी."

"अन् त्याच्यानंतर?"

"त्यायले पाजून तुमी आनखी पानी आनाले निंघाले. पुढचं कोनालेच मालूम नाई."

मला वाटलं आता हा घाबरेल. पण त्याच्या तोंडावर हळूहळू हसू आलं, पहिल्यासारखं. "बावरी हायेस काय? पानी आनाले तं मी इथीच येतो!"

मी डबा तसाच देऊ लागले. तो नको म्हणाला, पितळ वाजलं तर शत्रूला कळेल. म्हणून मी भाऱ्यातली पानं काढली, काड्यांनी टाचली आणि त्यात सगळा भात आणि सगळी भाजी बांधली. त्याच्या पुतळ्यासाठी तोडलेली पानं होती ती. बांधताना एक शीतही सांडलं नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

त्याने पुडकं छातीशी धरलं, बाटल्या गळ्यात अडकवल्या. वळणापाशी जाऊन मागे वळला. "मी येतो तवा भाजीत मीठ टाकजो," म्हणाला, आणि बांबूच्या आड गेला. मी मागोमाग धावले. वाळूत बुटांचे ठसे होते, येतानाचे आणि जातानाचे. रांजीच्या पलीकडे एकही ठसा नव्हता, नुसता बांबूचा वाळका पाला. ठसे संपले तिथे बुटाचा चिखल गळून पडला होता, काळा आणि चिकट, अजून ओला. आमच्याकडची माती पिवळी. मी तो गोळा पदरात बांधला.

घरी अंगणात चौकट तयार होती. चुलतसासरे म्हणाले, "पानं कुठी हायेत?"

"वापरली."

"कशाले?"

"ज्याच्यासाठी तोडली त्यालेच शिदोरी बांधून देली."

ते काहीबाही बोलू लागले. उन्हाने डोकं फिरलं, मास्तरीण झाली म्हणून शेफारली, वगैरे. मी तिकडे लक्ष न देता सासूबाईंपुढे बसले आणि घडलं ते सांगितलं. चिखलाचा गोळा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो दाबून पाहिला, वास घेतला. बाराव्या वर्षाचा नियम, गाव काय म्हणेल, यातलं काही त्यांनी विचारलं नाही.

"पानी पेला?" त्यांनी विचारलं.

"हाव. माह्या हातानं."

"पोटभर?"

"झिरा दोनदा भरला अन् दोनदा आटला."

सासूबाईंनी तो चिखल तुळशीच्या बुंध्याशी ठेवला. मग उठल्या, चौकटीचा एक बांबू ओढून काढला आणि चुलीत सारला. "जाय वो," त्या मला म्हणाल्या, "भाजीत मीठ टाक."

दहन झालं नाही. गाव काही दिवस बोललं, मग रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आली आणि लोकांना दुसरी कामं लागली. सासूबाई पुढे कितीतरी वर्षं जगल्या आणि लेकाच्या तहानेचं नाव पुन्हा त्यांनी काढलं नाही.

त्याच वर्षी तो लंगडा माणूस पोरीला घ्यायला शाळेत आला. मी त्याला विचारलं, दुसऱ्यांदा पाणी आणायला निघाला तेव्हा तो काही बोलला होता का? त्याने आठवून पाहिलं. "बोलला नाई बाई. पन हासत होता. मले तवा रागच आलता. अशा जागी पानी आनाले जाताना कोन हासते?"

मला माहीत होतं कोण हसतं, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

मी वाट पाहत बसले असं कोणी समजू नये. मी शाळा चालवली, बांध्या कसल्या, त्या पोरीला तेराचा पाढा शिकवला, आणि ती आज स्वतः नातवंडांना शिकवते. वाट पाहायची ती वैशाखात, पळसाला पानं आली की. तेव्हा मी झिरा साफ करते आणि सकाळच्या गरम भाताचा डबा घेऊन तिथे बसते. तो आजवर आलेला नाही. त्याला तिकडून निघून चार पावलं झाली असतील, पाच झाली असतील. त्याच्या बाजूला कदाचित अजून तीच सांज असेल, हे मी पक्कं धरून चालते.

आता तो आला की पुन्हा माई म्हणेल. या खेपेला मी रागावणार नाही, माझं वयच तसं झालं आहे. हातावरचा विंचू सुरकुत्यांत बुडाला आहे, तो त्याला मीच शोधून दाखवीन. हल्ली जिभेला चव नीट कळत नाही, म्हणून डबा भरण्याआधी शेजारणीला बोलावून विचारते, भाजीत मीठ बरोबर आहे ना.